बारावीचे चार गुण

जून महिना, पेरणी तोंडावर आलेली, तरी अमळनेर तालुक्यातले एक शेतकरी लेकीला घेऊन जळगावला माझ्याकडे आले. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पिशवीतून गुणपत्रिका काढायच्या आधीच म्हणाले, "ताई, पोरनं वरीस वाया गयं ना? आते काय करानं?"

मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. दहावीला 91 टक्के. बारावीला फिजिक्स 42, केमिस्ट्री 46, बायोलॉजी 58. नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेला 720 पैकी 271. बारावीत कमी पडले, आता मेडिकलचं विसरायचं का, हा प्रश्न दर जूनमध्ये माझ्यासमोर येतो. बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं, कारण महाराष्ट्रात एमबीबीएसची गुणवत्ता यादी नीटवर लागते, बारावीचे गुण त्यात मिळवत नाहीत.

इथे मात्र मी तिन्ही आकडे कागदावर मांडून बेरीज केली. 146.

यादीत नाव यायच्या आधी पात्र ठरायला तेव्हा खुल्या प्रवर्गाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून 50 टक्के लागत होते, म्हणजे 300 पैकी 150. मागास प्रवर्गांना 40 टक्के, म्हणजे 120. हे कुटुंब खुल्या प्रवर्गातलं. चार गुण कमी. घरी ठरलं होतं की उसनवारी करून लातूरला क्लास लावायचा आणि फक्त नीट पुन्हा द्यायची, बारावी तर पासच आहे. तसं केलं असतं तर नीटला 600 पडूनही तिला प्रवेश मिळाला नसता. हे सांगताना माझाच घसा कोरडा पडला. अशी मुलं वर्ष घालवून आल्यावर भेटलेली मी पाहिली आहेत.

गावात कुणीतरी 17 नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं होतं. तो बाहेरून बारावीला बसणाऱ्यांसाठी. ही पास झालेली, म्हणून हिच्यासाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना. त्यात सगळे विषय घेऊन पुन्हा बसावं लागतं आणि अर्ज आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून भरायचा. "लोक नापास झाली म्हणतील," मुलगी पहिल्यांदा बोलली. आण्णा, म्हणजे तिचे वडील, लगेच म्हणाले, "लोकस्नी फी भरी का तुन्ही?"

मग खरं कारण शोधायला बसलो. फिजिक्सच्या 42 मध्ये प्रॅक्टिकलचे 26 होते. लेखीत 70 पैकी 16. प्रॅक्टिकलच्या गुणांनी घाव झाकला होता. मी विचारलं, "लेटंट हीट म्हणजे काय गं?" ती गप्प. "अप्रकट उष्मा?" तिने घडाघडा सांगितलं, बर्फ वितळताना तापमान का वाढत नाही तेसुद्धा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. पोर ढ नव्हती. दोन वर्षं तिला शब्दच कळत नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती.

नीटची उत्तरसूची घेऊन एक दुपार घालवली. फिजिक्समध्ये तिने 38 प्रश्न सोडवले होते, 11 बरोबर, 27 चूक: 44 वजा 27, हाती 17. प्रत्येक चुकीपुढे तिनेच लिहिलं, "येत होतं", "दोनात गोंधळ" किंवा "अंदाजे". फिजिक्समध्ये जवळजवळ सगळीकडे "अंदाजे". बायोलॉजीत "दोनात गोंधळ" जास्त. म्हणजे बायोलॉजीला घोटून वाचन हवं होतं आणि फिजिक्सला अकरावीच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात.

लातूरचं मी थांबवायला सांगितलं. क्लास वाईट म्हणून नव्हे. अकरावीचा पाया कच्चा असताना शंभर मुलांच्या वेगात ही पुन्हा गप्प बसली असती. त्याऐवजी अमळनेरलाच एका निवृत्त शिक्षकांकडे फिजिक्स, रोज दहा गणितं, आणि एक वही: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. डिसेंबरपर्यंत बोर्डाच्या पद्धतीने लेखी उत्तरं, कारण आधी 150 पार करायचे होते. नीटचा अर्ज भरताना मराठी भाषा निवडली. त्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजीही सोबत छापलेलं असतं. तिला दोन्हीकडे बघता आलं तरी पुरे होतं.

दिवाळीनंतर ती एकदा रडत आली. सराव परीक्षेत फिजिक्सला 31. वही मागितली, तर तीन आठवडे कोरी. आई आजारी, स्वयंपाक आणि गुरं हिच्यावर. त्या दिवशी अभ्यासाचं काही बोलले नाही. आण्णांना फोन करून सकाळचे दोन तास तिला मोकळे मागून घेतले.

श्रेणीसुधारमध्ये तिन्ही विषयांत मिळून 207 झाले. नीटला 438. सरकारी एमबीबीएसच्या यादीत नाव आलं नाही. त्या रात्री तिघं घरात न जेवता झोपले, असं तिच्या आईने नंतर सांगितलं. बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीला मिळालं, तिने ते घेतलं. वर्गात संस्कृत नव्याने शिकावं लागतंय. मागच्या आठवड्यात तिने वहीचा फोटो पाठवला: आता तीन रकाने आहेत.