पाच एपी, सात ॲक्टिव्हिटी आणि झोप

"अकरावीला किती एपी घेतले म्हणजे पुरे?" एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय. शाळेत पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे फॉर्म आले की कॅलिफोर्नियातल्या बे एरियातले मराठी पालक मला हे हमखास विचारतात. मूल तेव्हा दहावीत असतं आणि बहुतेक वेळा बोलतात आईबाबाच.

निनादचे (नाव बदललं आहे) आईबाबा एक्सेल शीट घेऊनच आले. अकरावीला पाच एपी: कॅल्क्युलस बीसी, केमिस्ट्री, फिजिक्स, यूएस हिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज. खाली तबला, रोबोटिक्स, डिबेट, टेनिस, फूड बँक, कोडिंग क्लब आणि रविवारची मराठी शाळा. तिथे तो आता लहान मुलांना शिकवायला मदत करतो. बाबा म्हणाले, "ताई, डिबेट त्याला आवडत नाही, पण लीडरशिप दिसायला नको का?"

घरच्यांची पहिली पसंती यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया होती, म्हणून आधी तिथला हिशेब मांडला. पात्रतेचा जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना यूसी दहावी-अकरावीचे मार्क धरते. एपीतल्या ए ग्रेडला ४ ऐवजी ५ गुण मिळतात, पण हा वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना, त्यातल्या दहावीच्या चारच. निनादचे दहावीत वर्षभराचे दोन एपी चालू होते, म्हणजे चार सेमिस्टर संपली. अकरावीत आणखी दोन एपी घेतले की मर्यादा भरते. तिसरा, चौथा, पाचवा वाया जात नाही, कठीण विषय घेतलेले अर्ज वाचणाऱ्याला दिसतातच. पण त्यापायी दोन बी आले तर तेही दिसतात. आई बराच वेळ शीटकडे बघत होती. आठ सेमिस्टरचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग निनादला एका मंगळवारचं वेळापत्रक लिहायला लावलं. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कुलं सकाळी साडेआठच्या आधी भरत नाहीत, मुलांना झोप मिळावी म्हणून. पण झीरो पिरियडला, म्हणजे शाळा भरण्याआधीच्या जादा तासाला ही अट नाही, आणि ह्याने जास्तीचा विषय बसवायला नेमका तोच घेतला होता. झोपायला रात्रीचा दीड, उठायला सव्वासहा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. यावर मी भाषण दिलं नाही, कागद आईपुढे सरकवला.

ॲक्टिव्हिटींसाठी माझी एक ठरलेली परीक्षा आहे. कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज, त्यात ॲक्टिव्हिटींना दहा जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला स्पेस धरून १५० अक्षरं. आठवड्याचे तासही लिहावे लागतात. म्हटलं, सातही आत्ता लिही. डिबेटपाशी 'मेंबर'च्या पुढे गाडी सरकेना. कोडिंग क्लबचंही तेच. मराठी शाळेचं मात्र १५० मध्ये मावेना. जोडाक्षरांवर अडणाऱ्या मुलांसाठी त्याने पत्त्यांचा खेळ केला होता, आणि तो आता दुसऱ्या वर्गातही खेळतात. आईला हे माहीतच नव्हतं! एक्सेलमध्ये मराठी शाळा सगळ्यात खाली होती, पुढे 'ऑप्शनल' असं लिहून.

"पण मावशी, याला कोण विचारतं?" निनाद म्हणाला. विचारतात. यूसीच्या अर्जात आठपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं द्यायची असतात, आणि लीडरशिपवरचा प्रश्न त्यातच आहे. त्यासाठी क्लबचं अध्यक्षपद लागत नाही.

फॉर्मवर शेवटी तीन एपी गेले: कॅल्क्युलस, केमिस्ट्री, इंग्लिश. झीरो पिरियड, डिबेट आणि कोडिंग क्लब सुटले. तबला तो स्वतःहून म्हणाला म्हणून राहिला. फूड बँक आईच्या आग्रहाने राहिली. तिथे मी वाद घातला नाही.

निघताना बाबांचं एक शिल्लक होतंच: "इंजिनीअरिंगला जायचं तर फिजिक्स?" यंदा साधं घ्या, एपी बारावीत घ्या, असं सांगितलं. बारावीचे मार्क त्या जीपीएत येत नाहीत, पण विषय अर्जात लिहावे लागतात, आणि प्रवेश मिळाल्यावरही बारावीत ग्रेड घसरल्या तर तो काढून घेता येतो.