खापरपणजोबा किर्कीचे निघाले

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा पाचवीत आहे. इथे पाचवीला वसाहतींचा काळ शिकवतात. त्या ओघात वर्गशिक्षिकेने सांगितलं, तुमच्या घराण्यातलं या देशात पहिलं कोण आलं, केव्हा आलं, ते शोधून आणा. ताई लिहितात, 'माझ्या बाजूचं सोपं आहे. पहिली आलेली मीच. शिवाय आईने कुलवृत्तांताच्या पानांचे फोटो काढून पाठवलेत, चांगल्या अकरा पिढ्या. अडलंय ते सासरचं. सासूबाई म्हणतात, आमचे आयर्लंडचे, इथे सोनं सापडलं त्या वेळी आले, तिकडे मोठी जमीन होती. त्यापुढे काही विचारलं की त्यांना कुत्र्याला फिरवून आणायची आठवण होते. खोदू का? आणि खोदायचं तर कुठून?'

खोदा. पण ताई, कुलवृत्तांत वाचून जी सवय लागते ती आधी बाजूला ठेवा. आपल्याकडे सुरुवात मूळ पुरुषापासून. तो कोकणातल्या अमक्या गावाहून घाटावर आला, त्याला तीन मुलगे, थोरल्याची शाखा पान चाळीसवर. म्हणजे वरून खाली. नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं तर तीर्थोपाध्याय वही काढून आजोबांच्या आजोबांची सही दाखवतात. इथे आडनावाला गाव चिकटलेलं नसतं. तुमच्या सासरचं आडनाव आयर्लंडात हजारो घरांचं असेल. म्हणून इथे खालून वर चढायचं. नवऱ्यापासून सुरुवात, मग त्याचे वडील, मग आजोबा. प्रत्येक पायरीला कागद हवा. कागद नसेल तर पुढची पायरी चढायची नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागली म्हणून सांगतेय. माझ्या जावयाचे खापरपणजोबा १८५३ साली मेलबर्नला उतरले असं त्यांच्या घरात सगळे सांगत. कुणीतरी इंटरनेटवर वंशावळ करून ठेवली होती आणि तीत ते स्कॉटलंडचे होते. आईबापांची नावंसुद्धा होती. तीच वंशावळ आणखी वीस-बावीस जणांनी आपापल्या पानावर उतरवून घेतलेली. इतक्या लोकांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं मलाही वाटलं. सहा महिने आम्ही स्कॉटलंडातल्या चर्चच्या नोंदी चाळत बसलो. नंतर कळलं की वीस-बावीस जण म्हणजे एकच माणूस. बाकीच्यांनी नुसतं कॉपी-पेस्ट केलं होतं.

शेवटी जावयाने मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत मागवली. टाइप केलेला उतारा नव्हे, त्या वेळच्या कारकुनाच्या हस्ताक्षरातलं पान. रविवार होता, मी मटार सोलत होते. तो म्हणाला, 'आई, हे गाव वाच. कर्क-काहीतरी, आणि पुढे ई. म्हणजे ईस्ट लोदियन असणार.' स्कॉटिश बोलीत चर्चला कर्क म्हणतात, त्यामुळे कर्कपासून सुरू होणारी गावं तिकडे पैशाला पासरी. मी चष्मा लावून बघितलं. कारकुनाची शाई पसरली होती, तरी शेवटची दोन अक्षरं स्वच्छ होती. आणि 'ई.'च्या पुढे लोदियन नव्हतं, इंडीज होतं. किर्की, ईस्ट इंडीज. म्हणजे आपली खडकी! माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. माझं सगळं लहानपण त्या स्टेशनावरच्या पाटीखाली गेलंय. मटार तसेच राहिले.

या देशातल्या घराण्याचा शोध घेताना सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे हा मृत्यूचा दाखला. जन्माचा शोधू नका, तो बहुतेक वेळा समुद्रापलीकडे असतो. सरकारी नोंदणी प्रत्येक वसाहतीत वेगवेगळ्या साली सुरू झाली: व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात १८३८ ला, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १८४१, साउथ ऑस्ट्रेलियात १८४२, तुमच्या व्हिक्टोरियात १८५३, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडच्या भागात १८५६. त्याआधीचं हवं असेल तर चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी. व्हिक्टोरियाचा दाखला तर इतका तपशीलवार असतो की आपल्याकडचा ग्रामपंचायतीचा दाखला बघून आलेल्या माणसाला भोवळ यावी. मेलेल्याचे आईवडील, आईचं माहेरचं आडनाव, बापाचा धंदा, जन्मगाव, लग्न कुठे झालं, कितव्या वर्षी, कुणाशी, आणि सगळी मुलं ओळीने वयासकट. गेलेली मुलंसुद्धा. आमच्या कुलवृत्तांतात माझ्या आत्यांची नावं नाहीत, 'दोन कन्या' एवढंच आहे. इथे एका मजुराच्या मृत्यूच्या कागदावर वारलेल्या लेकीचंही नाव सापडतं. मला हे फार लागलं.

एक रकाना विशेष लक्ष देऊन वाचा. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींमध्ये किती वर्षं राहिला, आणि कोणकोणत्या. तिथे 'व्हिक्टोरिया ३८ वर्षं' असेल तर सासूबाईंची गोष्ट ठीक. पण त्याच्या आधी 'टास्मानिया ११ वर्षं' असं दिसलं, तर त्यांच्या कुत्र्याला एवढं फिरायला का लागतं त्याचा अंदाज येईल. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटनने सुमारे १ लाख ६२ हजार कैदी इकडे पाठवले. त्यांच्यासाठी हेच काळं पाणी. टास्मानियातली शिक्षा संपलेले कितीतरी जण १८५१ नंतर सोन्याच्या वासाने सामुद्रधुनी ओलांडून व्हिक्टोरियात आले. इथल्या लोकांना ते इतके नकोसे होते की १८५२ मध्ये त्यांना अडवायला कायदाच केला गेला. मग आलेल्याने काय करावं? मागचं पुसून टाकावं, आणि मुलांना सांगावं की आपण आयर्लंडचे जमीनदार. पुढच्या तीन-चार पिढ्या तेच इमानाने सांगत आल्या. सासूबाई खोटं बोलत नसतील, त्यांना मिळालेलंच त्या देत असतील.

तसं निघालंच तर हिरमुसू नका. संशोधकाच्या नजरेने पाहिलं तर कैदी पूर्वज म्हणजे लॉटरी. सुखवस्तू माणसाने स्वतःच्या पैशाने तिकीट काढलं असेल तर प्रवासी यादीत त्याचं नाव, वय, धंदा, संपलं. कैद्याची मात्र उंची, डोळ्यांचा रंग, देवीचे वण, दंडावरचं गोंदण, लिहिता-वाचता येतं का, गुन्हा काय, खटला कुठे चालला, सगळं लिहिलेलं. टास्मानियाच्या वहीत तर तो कुठल्या मालकाकडे कामाला होता आणि दारू पिऊन किती वेळा सापडला तेही आहे. हे कागद टास्मानियाच्या सरकारी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. आणि 'खटला कुठे' या रकान्यात सगळी इंग्लंडचीच शहरं असतात असं समजू नका. हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींतले लष्करी न्यायालयात शिक्षा झालेले शिपाईही इकडे धाडले जात. तिथे बॉम्बे दिसलं तर दचकू नका.

जहाज हे दाखल्यानंतर. सरकारी खर्चाने आणलेल्यांच्या यादीत जन्म-परगणा, धर्म, शिक्षण मिळतं. न्यू साउथ वेल्सच्या काही याद्यांत आईवडिलांची नावंही. वयावर मात्र भरवसा ठेवू नका, सवलतीच्या तिकिटाला वयाची अट असे आणि चाळिशीचा माणूस जहाजावर पस्तिशीचा होई. व्हिक्टोरियाच्या याद्या, मृत्युपत्रं आणि अपमृत्यूच्या चौकशीचे कागद नॉर्थ मेलबर्नच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात आहेत. बरंच काही घरबसल्या दिसतं. जनगणनेची आशा सोडा. नावनिशीवार तक्ते आकडे काढून झाल्यावर नष्ट करायची इथली पद्धत होती. १८२८ ची न्यू साउथ वेल्सची गणती टिकली, पण तुमची मंडळी त्यानंतरची.

मग रोजचं आयुष्य कुठे सापडतं? वर्तमानपत्रांत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' नावाचं भांडार आहे, जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवलेली, पूर्ण फुकट. जावयाच्या खापरपणजोबांची गाय हरवल्याची जाहिरात मला तिथेच मिळाली, डाव्या कानाला खाच असलेली तांबडी गाय, आणून देणाऱ्याला एक पौंड. यंत्राने वाचलेला मजकूर चुकीचा असतो, म्हणून आडनावाची चार-पाच वेडीवाकडी रूपं टाकून शोधा. बायका त्यांच्या नावाने सापडत नाहीत, नवऱ्याच्या नावापुढे मिसेस लावून पाहा. आणि चूक दिसली तर तुम्हालाच दुरुस्त करता येते. पाचवीतल्या मुलाला हे काम द्या, तो तुमच्यापेक्षा पटापट करेल.

आयर्लंडबद्दल एक. तिकडे जाऊन शोधू असा बेत असेल तर थांबा. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद जळून गेले. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या वाचल्या, त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट खुल्या केल्या आहेत, पण त्या गावागावाच्या धर्मक्षेत्राप्रमाणे लावलेल्या. म्हणजे गावाचं नाव आधी हातात हवं, आणि ते मिळणार इथल्याच एखाद्या दाखल्यात, थडग्यावरच्या ओळीत किंवा मृत्युलेखात. पूर्वजांमध्ये १८४८ ते १८५० च्या दरम्यान एकटी आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी दिसली तर तिच्याकडे नीट बघा. बटाट्याच्या दुष्काळात अनाथ झालेल्या चार हजारांवर मुली आयर्लंडच्या अनाथ-गरीबगृहांतून उचलून इकडे पाठवल्या गेल्या, मोलकरणी म्हणून आणि बायका म्हणून. सिडनीच्या हाइड पार्क बरॅक्समध्ये त्यांचं स्मारक आहे. जमीनदारीच्या गोष्टीमागे अशीच एखादी मुलगी निघायची.

आणि तुमचं बेंडिगो ज्या जमिनीवर उभं आहे ती जा जा वुरुंग लोकांची. वंशावळीत एखादी स्त्री अशी आली की जिच्या आईवडिलांची नोंदच नाही, तर ती आदिवासी असू शकते. त्यांच्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवायची तसदी क्वचितच घेतली गेली. कॅनबेरात आयॅटसिस नावाची संस्था अशा शोधाला मदत करते. हे मात्र मुलाच्या प्रकल्पात घाईने लिहू नका, आधी घरात बोला.

माझ्या किर्कीवाल्यांचं पुढे काय झालं ते विचाराल म्हणून सांगते. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज पाद्र्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी दरवर्षी नक्कल करून लंडनला जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फाइंडमायपास्ट नावाच्या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतात, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची फुकट सूचीही आहे. तिथे १८३१ ची नोंद मिळाली. बाप घोडदळात शिपाई, आई 'मेरी'. आडनावाच्या जागी रेघ. अशी रेघ दिसली की आई कधी कधी हिंदुस्थानातलीच असते, बाप्तिस्म्यावेळी मेरी झालेली. जावई लगेच म्हणाला, म्हणजे मी थोडा मराठी! मी म्हटलं, कागद आण, मग बघू. वंशावळीत त्या जागी आम्हीही रेघच ठेवली आहे. विहीणबाईंना मात्र हे इतकं आवडलं की स्कॉटलंडचा चौकड्यांचा मफलर कपाटात गेला आणि त्या माझ्याकडे कांदेपोहे शिकायला आल्या.

तेव्हा सासूबाईंपाशी प्रश्न घेऊन जाऊ नका, वस्तू घेऊन जा. दाखला मोठ्या अक्षरात छापा, चहा ठेवा आणि म्हणा, 'हे जुनं वळण मला लागत नाही, जरा वाचून देता का?' वयस्कर माणसाला उत्तर देणं जड जातं, वाचून दाखवणं जात नाही. नातू शेजारी बसलेला असू दे. बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्मतारखा लिहून ठेवायची पद्धत त्या घरात असेल तर तेही त्याच वेळी बाहेर येईल.

आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा दाखल्यावरचं जन्मगाव कारकुनाने लिहिलंय तसंच कळवा, एकही अक्षर न सुधारता.