एप्रिलमध्ये पेरणीची घाई नको

भावा, नॉर्थ डकोटात पहिलंच वर्ष ना तुझं, मग कॅलेंडर बघून पेरू नकोस. शेजारच्याचा ट्रॅक्टर निघाला की आपलेही हात शिवशिवतात, पण वाफसा (माती पेरणीजोगी सुकणं) नसताना रान तुडवलंस तर माती दडपून घट्ट होते आणि वर्षभर निस्तरत बसावं लागतं. चार बोटं खालची माती मुठीत दाबून बघ, गोळा फुटला तर ठीक, रिबिनीसारखी लांब निघाली तर घरी जाऊन चहा पी. गहू थंडी सोसतो, माती ४-५ डिग्री सेल्सिअस झाली तरी चालतं त्याला, मक्याला मात्र ५ सेंमी खोलीवर १० डिग्री पाहिजेच.

अन गाई व्यायला आल्या असतील तर बर्फापेक्षा थंड पावसाची धास्ती ठेव. कोरड्या थंडीत वासरू तगतं, ओलं झालं आणि वारा सुटला की बघता बघता गारठतं. मागं एकदा पहाटे गेलो तर एक चिखलात पडलेलं, तोंडात बोट घातलं तर आतून गार! पिकअपच्या हीटरसमोर ठेवून अंग पुसलं, जरा ऊब आल्यावर बाटलीनं चीक, म्हणजे गाईचं पहिलं दूध, पाजला, वाचलं बिचारं. चीक पहिल्या दोनेक तासांत पोटात गेलेला बरा. २०२२ला एप्रिलच्या मध्यावर ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं वादळ, आलं होतं, त्यामुळे वाऱ्याचा आडोसा आणि कोरडा पेंढा मेपर्यंत हलवू नको.