लग्नातलं घड्याळ बंद आहे ना, मग तेच गिफ्ट

प्रश्न : ताई नमस्कार, येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. ह्यांना काहीतरी द्यायचं खूप मनात आहे पण शिवणकामातून बाजूला टाकलेले जेमतेम १००० रुपये आहेत माझ्याकडे, त्यात मुलीची अ‍ॅडमिशन तोंडावर. चांदीचं काहीतरी घ्यावं म्हणून सराफाकडे गेले तर भाव ऐकूनच परत आले. मागच्या वर्षी शर्ट आणला होता तो अजून घडी न मोडता कपाटात पडलाय, वर म्हणतात कशाला खर्च केलास. मुलगी म्हणते ऑनलाइन स्मार्टवॉच येतं हजाराच्या आत, ते घे. पण हे घड्याळ घालतच नाहीत हो, माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं चावीचं एचएमटी बंद पडलं तेव्हापासून मनगट मोकळंच आहे. काय घेऊ? (एक वाचक, कराड)

उत्तर : अहो ताई, उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय! सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ बंद पडल्यावर ज्या माणसाने इतकी वर्षं दुसरं घेतलं नाही, त्याच्या मनगटावर तेच घड्याळ परत बांधा. स्वतःच्या घड्याळावर पैसे घालवायला ते कधीच तयार होणार नाहीत, म्हणून ते काम तुम्ही करायचं.

चावीचं घड्याळ वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतलं तेल वाळून चिकट होतं, धूळ बसते आणि चाकं अडतात, पुष्कळदा दुखणं एवढंच असतं. कारागीर मशीन पूर्ण खोलतो, धुतो, नवीन तेल देतो. माझ्या भावाच्या एचएमटीला गेल्या वर्षी काचेच्या पॉलिशसकट साडेतीनशे लागले, आत स्प्रिंग वगैरे तुटली असेल तर जास्त लागतील, तो अंदाज आधीच विचारून घ्या. एचएमटीने १९६१ साली बंगळुरात जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळं बनवायला घेतली आणि २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, त्यामुळे आता पार्ट लागला तर कारागीर दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढून बसवतात. म्हणून नुसते सेल बदलून देणाऱ्या दुकानात जाऊ नका, डोळ्याला भिंग लावून बसणारे जुने घड्याळजी शोधा, मंडईच्या किंवा स्टँडच्या आसपास विचारलंत तर कुणीतरी सांगेलच.

आणि घड्याळ हातात देताना स्पष्ट सांगा की डायल बदलायची नाही आणि रंगवायची पण नाही, पिवळी पडली असली तरी चालेल. हे मी कळकळीने सांगतेय, कारण चकचकीत करून देतो म्हणून डायलच नवीन रंगवून देतात, मग घड्याळ चालतं खरं पण तुमच्या वडिलांनी दिलेला तो चेहरा गेलेला असतो.

अजून एक सुचतंय. मशीन खोललेलं असेल तेव्हा पाठीमागचं झाकण तेवढं मागून घ्या आणि भांड्यांच्या दुकानात जा. डब्यांवर नाव घालून देतो ना तोच माणूस झाकणावर जागा असेल तिथे लग्नाची तारीख घालून देईल, बारीक अक्षरात घाला म्हणावं. घड्याळ जोडलेलं असताना मात्र नेऊ नका, त्या कोरायच्या मशीनचा हादरा आत बसतो. उरलेल्या पैशात चामड्याचा पट्टा, तो घड्याळजीकडूनच मापाने बसवून घ्या. आणि हे सगळं आत्ताच करा, कारण दुरुस्त झाल्यावर घड्याळ चार-पाच दिवस घड्याळजीकडेच चालू ठेवावं लागतं, पुढे जातंय का मागे पडतंय ते बघून ते लावून देतात.

चावी तुम्ही भरू नका बरं का, त्या दिवशी सकाळी ह्यांच्या हातात द्या आणि त्यांनाच भरू द्या.

प्रश्न : लग्नाला ८ वर्षं झाली, एमआयडीसीत नाइट शिफ्ट असते, बजेट ५०० च्या आसपास. बायकोला काय देऊ? साडी घ्यावी तर ह्या पैशात चांगली येत नाही. (एक वाचक, चाकण)

उत्तर : दादा, नवीन साडी राहू दे, तिचा लग्नातला शालू बाहेर काढ. ८ वर्षं एकाच घडीवर पडून असेल तर घडीच्या रेषेवर जर चिरायला लागते. फॉल उसवला असेल तो लावून घे, रोल पॉलिशला टाक, दर दुकानात आधी विचार. परत आला की घडी वेगळ्या ठिकाणी मोड आणि जुन्या मऊ सुती धोतरात गुंडाळून ठेव, डांबरगोळ्या जरीजवळ नकोत, जर काळी पडते. त्या संध्याकाळी तिने तो नेसायचा आणि तू मोगऱ्याचा गजरा आणायचास. फक्त त्या रात्रीच्या सुट्टीचा अर्ज आजच टाकून ठेव.