डोकं चिरडलं तरी झुरळ चालतं कसं?

ताई, तुम्ही विचारलंत की नागपूरच्या महाल भागातल्या तुमच्या घरी मोरीतल्या झुरळाचं डोकं चपलेखाली गेलं, तरी ते थोडं सरकलंच, आणि पोरानं विचारलं, "डोकं नाही तर चालते काहून?" तुमच्या प्रश्नाला कोणी तरी उत्तर दिलंय की झुरळाला मेंदूच नसतो. साफ चूक. मेंदू असतो आणि डोक्यातच असतो. फक्त एकेक पाय उचलायचं काम त्याच्याकडे नसतं.

पायांच्या तीन जोड्या छातीला असतात आणि प्रत्येक जोडीसाठी छातीत चेतापेशींची एक गाठ असते. एका बाजूचा पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला पाय एकदम उचलायचा, मग उरलेले तीन, ही लय त्या गाठींतच तयार होते. 2020 च्या मे महिन्यात नागपूरजवळ काटोलकडे टोळधाड आली होती, आठवते? टोळांच्या पंखांची लयही अशीच आतून येते. टोळांवर प्रयोग करून शास्त्रज्ञ डोनाल्ड विल्सन यांनी 1961 मध्ये दाखवलं, की पंखांकडून खबर आणणाऱ्या नसा तोडल्या तरी उडण्याची लय थांबत नाही, फक्त मंदावते.

चप्पल उगारताच पळतं तेही असंच. झुरळाच्या शेपटीकडे दोन काटे असतात, त्यांवर बारीक केस. हवेची झुळूक लागली की जाड चेतातंतू खबर थेट छातीत पोचवतात आणि सुमारे 50 मिलिसेकंदांत झुरळ वळायला लागतं.

मग मेंदू करतो काय? गाडीचे बैल आपल्या चालीनं चालतात, पण निघायचं कधी अन् वळायचं कुठं हे गाडी हाकणारा धुरकरी ठरवतो, तसं. डोकं नसलेलं झुरळ डिवचलं तर पाय टाकतं, आपणहून कुठं जात नाही.

याचा सगळ्यात भारी पुरावा एका हिरव्यागार, पाचूसारख्या चमकणाऱ्या गांधीलमाशीनं दिलाय. ती आधी झुरळाच्या छातीत डंख मारते, त्यानं पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. मग मानेतून नांगी घालून नेमकं डोक्यातल्या चेतागाठींत विष सोडते. झुरळ लुळं पडत नाही. पाय शाबूत, उलटं केलं तर सरळही होतं. पण स्वतःहून चालायला निघतच नाही! माशी त्याची मिशी धरून त्याला बिळात नेते, अंडं घालते, आणि पुढं अळी त्याला जिवंतपणीच खाते. बाप्पा! पोराला हा भाग जेवणानंतर सांगा.

फवारा मारल्यावर उताणं पडून तडफडणारं झुरळ ही मात्र वेगळी गोष्ट. तिथं बहुतेक फवाऱ्यांतलं औषध चेतातंतूंना शांत होऊ देत नाही, ते संदेश सोडतच राहतात. त्याला चालणं म्हणू नका.