गुप्त विमानं, त्यांचा पैसा आणि निलंग्याच्या आभाळातला पांढरा ठिपका

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला गेलात, दिवस उगवायच्या आधी खूप उंचावर एक पांढरा ठिपका पाऊण तास चमकत होता आणि उजाडल्यावर विरून गेला. पुढं तुम्ही विचारता, की अमेरिकेनं परग्रहावरची यानं दडवून ठेवलीत असं तिथला अधिकारी शपथेवर सांगतो, मग एवढ्या कामाला पैसा कुठून येतो आणि तो कुणाला दिसत कसा नाही?

पैशाचं आधी सांगतो, कारण माझी सगळी नोकरी कोषागारात गेली. आपल्याकडंही 'गुप्त सेवा खर्च' नावाचं शीर्ष असतं. असं बिल पहिल्यांदा टेबलावर आलं तेव्हा मी पावत्या हुडकत बसलो. एरवी खडूच्या पेटीलाही पावती लागते. याला फक्त एक प्रमाणपत्र जोडलेलं होतं, खाली सही आणि शिक्का. साहेबांनी नियम काढून दाखवला. तपशील तपासायला वेगळा अधिकारी नेमलेला असतो, आपण रक्कम तरतुदीत बसते का एवढंच बघायचं. तपशील झाकता येतो, पण रक्कम कुठंतरी बेरजेत धरावीच लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

अमेरिकेतही हेच आहे, फक्त आकडे अफाट. 1949 च्या कायद्यानं सीआयएच्या संचालकाला नुसत्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर खर्च दाखवायची मुभा दिली. यू-2 हे टेहळणी विमान त्याच पैशातून झालं. 1955 च्या फेब्रुवारीत काम अडू नये म्हणून साडेबारा लाख डॉलरचा चेक लॉकहीड या विमान कंपनीचे मुख्य अभियंता केली जॉन्सन यांच्या घरच्या पत्त्यावर टपालानं पाठवला होता. सरकारी विमानाचा पहिला हप्ता घरच्या टपालपेटीत! त्याच ऑगस्टमध्ये नेवाडातल्या ग्रूम लेकवरून, म्हणजे आज ज्याला एरिया 51 म्हणतात तिथून, ते उडालं. ही जागा आहे असं सीआयएनं उघड मान्य केलं 2013 साली.

कधी कधी मात्र झाकण सरकतं. 1985 च्या अमेरिकी अर्थसंकल्पाच्या कागदात 'अरोरा' नावाची एक ओळ चुकून छापली गेली, 1987 सालासाठी 45.5 कोटी डॉलर. तेवढ्यावर लोकांनी आवाजाच्या कितीतरी पट वेगानं उडणारं विमान उभं केलं, आणि आकाशात कुठं गडगडाट झाला की तो अरोराच्या नावावर टाकायला लागले. लॉकहीडच्या गुप्त विभागाचे प्रमुख बेन रिच यांनी पुढं लिहिलं, की ते बी-2 बॉम्बरच्या स्पर्धेच्या निधीचं सांकेतिक नाव होतं. मला हे पटतं. लेखाशीर्षाला दिलेलं नाव आणि प्रत्यक्षातली वस्तू यांचा संबंध असतोच असं नाही, हे कुठलाही कारकून सांगेल.

आता तुलना करून बघा. 2013 मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्याचं काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं फोडलेल्या कागदांत त्या वर्षाचं गुप्तचर बजेट 52.6 अब्ज डॉलर होतं. आणि अनोळखी उडत्या वस्तूंच्या अभ्यासासाठी सिनेटर हॅरी रीड यांनी 2007 च्या सुमारास मिळवलेला निधी, ज्याचा 2017 मध्ये एवढा गाजावाजा झाला, तो सगळा मिळून 2 कोटी 20 लाख डॉलर. पैसा जिथं ओतला जातो तिथं शेवटी धावपट्टी, हँगर आणि माणसाच्या हातचं विमानच निघतं. एफ-117 हे रडारला चकवणारं विमान पहिल्यांदा 1981 मध्ये उडालं आणि 1988 मध्ये जाहीर झालं. मधली सात वर्षं ते रात्रीच उडायचं. त्या काळात त्याच्याखाली उभ्या असलेल्या माणसाला ते काय वाटलं असेल, याचा विचार करा.

यू-2 बद्दल तर सीआयएच्याच इतिहासात लिहिलंय. प्रवासी विमानं 10 ते 20 हजार फुटांवर असताना हे 60 हजारांच्या वर. खाली अंधार पडला तरी वरच्या चंदेरी पंखांवर ऊन असायचं आणि वैमानिक तबकडी दिसल्याचं कळवायचे. हवाई दलाचे तपासणारे अधिकारी उड्डाणाच्या नोंदी ताडून बघत, पण खरं उत्तर कळवायची त्यांना परवानगी नव्हती. निम्म्याहून जास्त तक्रारी अशाच विमानांच्या होत्या, हा सीआयएचा दावा मात्र मी जपून घेतो, कारण तो त्यांच्या सोयीचाही आहे. प्रोजेक्ट ब्लू बुक या हवाई दलाच्या उडत्या तबकड्यांच्या चौकशीत 1969 पर्यंत 12,618 नोंदी झाल्या आणि 701 चा उलगडा झाला नाही. उलगडा न होणं म्हणजे परग्रहवासी सापडणं नव्हे. तुम्ही म्हणता ते डेव्हिड ग्रुश. त्यांनी अमेरिकी संसदेच्या जुलै 2023 च्या सुनावणीत सांगितलं ते इतरांकडून ऐकलेलं होतं. पेंटागॉनच्या चौकशी कार्यालयाला मार्च 2024 च्या अहवालापर्यंत तसा पुरावा मिळाला नाही.

आपला देशही यात होता. 1964 च्या मे महिन्यात हेच यू-2 ओडिशातल्या चारबतियाहून चीनच्या सीमेकडं उडालं आणि तीनच दिवसांत नेहरू गेले. आपल्याला हे अधिकृतपणे वाचायला मिळालं पन्नासेक वर्षांनी, तेही अमेरिकेच्या कागदातून. याची मला खरी चीड येते.

आता तुमचा ठिपका. हैदराबादला टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, बलून केंद्र आहे. तिथून हायड्रोजन भरलेले, फुगल्यावर पन्नास-पन्नास मीटरचे प्लास्टिकचे फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच सोडतात, आणि वाऱ्यानं ते लातूर, धाराशिव, नांदेड, सोलापूरकडं येतात. जमिनीवर अंधार असताना एवढ्या उंचीवर ऊन पोचलेलं असतं. उमरगा तालुक्यात असा एक उतरलेला मी पाहिलाय. रंगीत पॅराशूट तुरीत पसरलेलं, थर्माकोल लावलेली पेटी आणि दुधाच्या पिशवीपेक्षा पातळ, चुरचुरणारं प्लास्टिक. अर्धं प्लास्टिक तोवर एका आजींनी कडब्याच्या गंजीवर टाकलंही होतं. 1947 मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेलजवळ उडती तबकडी पडली असं म्हणतात, त्याचं मूळही फुग्यातच होतं, सोव्हिएत अणुस्फोटांचा आवाज टिपायच्या गुप्त प्रोजेक्ट मोगलचं. अमेरिकी हवाई दलानं ते 1994 मध्ये सांगितलं.

पुन्हा दिसला तर बांधावरच्या लिंबाच्या एका फांदीच्या टोकाशी ठिपका जुळवा, वेळ लिहा आणि दहा मिनिटांनी त्याच जागी उभं राहून परत बघा. पूर्वेला असेल आणि आजूबाजूच्या चांदण्यांबरोबर सावकाश वर चढला तर शुक्र. चांदण्यांची साथ सोडून सरकला तर बहुधा फुगा. आणि रानात पेटी उतरलीच तर उघडू नका, दोरी कापू नका, पोरांना लांब ठेवा आणि पोलीस पाटलांना कळवा.