कंपनी काढत असेल तर राजीनामा तुम्ही का द्यावा?

कराडहून घरून काम करणाऱ्या ज्या सदस्याने काल प्रश्न विचारला आहे, त्यांच्यासाठी हे उत्तर आहे. तुमची हकिकत थोडक्यात अशी : पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षे नोकरी झाली, प्रकल्प संपल्यामुळे तुम्ही काही महिने बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना पगारावर, आहात, आणि आता मनुष्यबळ विभागाने कॉलवर सांगितले आहे की शुक्रवारपर्यंत पोर्टलवर राजीनामा भरा, म्हणजे दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र) मिळेल, न भरल्यास सेवा समाप्तीचे पत्र निघेल आणि मग पुढे कोणी नोकरी देणार नाही. साताऱ्यातील सदनिकेचे हप्ते चालू आहेत आणि आईवडील कंपनीच्या मेडिक्लेमवर आहेत, तर राजीनामा भरावा का, असे तुम्ही विचारले आहे. मनुष्यबळ विभागाची हीच वाक्ये, जवळजवळ याच क्रमाने, २०२३ च्या सुरुवातीला मला ऐकवण्यात आली होती. मी सांगलीची असून तेव्हा पुण्यात टेस्टिंगमध्ये काम करत होते.

मंदी का आली आणि कपात का होते, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. २०२०-२१ मध्ये कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त भरती केली, मार्च २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर चढत गेले, तिकडच्या ग्राहकांनी खर्च आवरला आणि त्याचा फटका इथल्या प्रकल्पांना बसला. जानेवारी २०२३ मध्ये गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० जागा कमी करण्याचे जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनेही सुमारे दोन टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले. हे आकडे सांगण्याचे कारण एवढेच की ते जाहीर झाले, म्हणून मोजले गेले. ज्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला जातो ते कपातीच्या कोणत्याही आकड्यात येत नाहीत. कंपनीच्या नोंदीत ते स्वतःहून सोडून गेलेले कर्मचारी ठरतात. तुमच्यावर शुक्रवारची घाई लादली जाते आहे ती यासाठीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, कंपनीने काय काय देणार हे लेखी दिल्याशिवाय आणि त्याचा हिशेब तुम्ही स्वतः मांडल्याशिवाय राजीनामा भरू नका. मी वकील नाही, आणि तुमचे नियुक्तिपत्र मी पाहिलेले नाही. तरीही नोकरी कोणी संपवली हे कागदावर काय लिहिले जाते, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते, हे मी अनुभवाने सांगू शकते.

माझ्या बाबतीत झाले ते असे. मी राजीनामा देण्यास नकार दिला होता आणि सेवा समाप्त करायची असल्यास तसे कारणासह लेखी द्यावे, असे कॉलवरच सांगितले होते. मनुष्यबळ विभागाने ‘कळवतो’ म्हटले, दुसऱ्या दिवशी माझा ईमेल आणि पोर्टल बंद झाले, लॅपटॉप परत मागवला गेला, आणि पुढे जे रिलिव्हिंग लेटर हाती आले त्यात ‘आपला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे’ असे वाक्य होते. मी न दिलेला राजीनामा स्वीकारला गेला होता. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की कर्मचारी बाहेर पडताना संगणकप्रणालीतून एकच नमुना निघतो, त्यात बदल करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, विधी विभागाला विचारावे लागेल. विधी विभागाचा पत्ता मागितला तर कर्मचाऱ्यांनी थेट संपर्क साधायचा नसतो, असे सांगण्यात आले. ज्या बाईंनी कॉल घेतला होता त्यांची बदली झाल्याचे नंतर कळले, आणि त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना माझ्या नकाराची काहीच माहिती नव्हती. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ही पद्धत एकाच ठिकाणी आहे असे मला वाटतही नाही.

त्या एका वाक्याची किंमत मी पुढे बराच काळ मोजली. गृहकर्जासोबत घेतलेल्या विम्यात नोकरी गेल्यास काही हप्ते भरण्याची तरतूद होती. तो दावा नाकारला गेला, कारण असे विमे स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला लागू होत नाहीत आणि माझे पत्र मी स्वेच्छेने सोडल्याचे सांगत होते. कामगार खात्यात तक्रार घेऊन गेले तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी पत्र वाचून विचारले की तुम्ही राजीनामा दिला आहे, मग कपातीची भरपाई कशी मागता? राजीनामा दबावाखाली घेतला किंवा दिलाच नव्हता, हे सिद्ध करण्याचा भार अशा वेळी कर्मचाऱ्यावर येतो, आणि माझ्याकडचा पुरावा म्हणजे तोंडी झालेला एक कॉल होता. सर्वांत वाईट म्हणजे, पुढे एका कंपनीकडून ऑफर आल्यावर मी माहितीपत्रकात खरे कारण, म्हणजे कंपनीने सेवा समाप्त केल्याचे, लिहिले. पार्श्वभूमी तपासणीत जुन्या कंपनीकडून ‘राजीनामा’ असे उत्तर गेले, दोन्हींत तफावत निघाली आणि ती ऑफर हातची गेली. खरे लिहिणाऱ्यावर खोटेपणाचा संशय यावा, याचा राग मला आजही आहे.

आता कायद्याविषयी, जेवढे मला नीट समजले आहे तेवढेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा तिने घेतली आहे. किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची असेल तर कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितके वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. नव्या संहितेत याखेरीज पुनर्कौशल्य निधीतून (नवी कौशल्ये शिकण्यासाठीच्या निधीतून) पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. यातले काहीही राजीनामा देणाऱ्याला मिळत नाही. ‘सॉफ्टवेअरवाले कामगार नसतातच’ असे तुम्हाला ठामपणे सांगितले जाईल. त्यावर विसंबू नका. तांत्रिक आणि कुशल काम करणारे लोक कामगाराच्या व्याख्येत येतात; व्यवस्थापकीय काम करणारे आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक त्यातून वगळले आहेत. व्हिजिटिंग कार्डावर ‘लीड’ छापले आहे की ‘मॅनेजर’, यापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात कोणते काम करत होता, हे पाहिले जाते. दिवसभर कोड लिहिणारा आणि कोणाची रजाही मंजूर करू न शकणारा माणूस केवळ पदनामामुळे व्यवस्थापक ठरत नाही. तक्रार आधी समेट अधिकाऱ्याकडे जाते. तेथे ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि त्यासाठी सेवा संपल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

पॅकेजचा हिशेब मात्र आज रात्रीच मांडा. समजा, ग्रॅच्युइटीसाठी धरले जाणारे मासिक वेतन ४५,००० रुपये आहे आणि सेवा पूर्ण सहा वर्षांची आहे. ग्रॅच्युइटी या वेतनाला पंधराने गुणून, सव्वीसने भागून, वर्षांनी गुणून निघते, म्हणजे सुमारे १,५५,७६९ रुपये. पाच वर्षे पूर्ण झाल्यामुळे ती राजीनामा दिला तरी तुमचीच आहे आणि काढले तरी तुमचीच आहे. शिल्लक अर्जित रजेचे पैसे कंपनीच्या रजा धोरणाप्रमाणे तुम्हाला देय असतात. नियुक्तिपत्रात नोटीस कालावधी बहुधा ६० किंवा ९० दिवसांचा असेल. तो ६० दिवसांचा असल्यास ‘दोन महिन्यांचा पगार’ म्हणून जे दाखवले जाते आहे, ते फक्त नोटिशीचे वेतन आहे. मला दिलेल्या कागदावर ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळवून मोठा आकडा केला होता आणि त्याला कंपनीची सदिच्छा म्हटले होते. तुमच्या कागदावरून आधी हे हक्काचे आकडे वजा करा, उरेल ते खरे पॅकेज. सहा वर्षांच्या कपात भरपाईची रक्कम साधारण तीन महिन्यांच्या वेतनाइतकी होते, तेव्हा उरलेला आकडा त्याहून बराच कमी असेल तर तो सौदा तुमच्या तोट्याचा आहे. कराचाही विचार करा : कामगाराला मिळणाऱ्या कपात भरपाईला मर्यादेत सवलत मिळते, राजीनाम्याबदली मिळालेली रक्कम मात्र बहुधा पगारासारखीच करपात्र ठरते. हे सीएला विचारूनच ठरवा.

कॉल झाल्यावर त्याच दिवशी स्वतःच्या खासगी ईमेलवरून मनुष्यबळ विभागाला आणि वरिष्ठांना पत्र पाठवावे, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मजकूर साधा असावा : ‘आज झालेल्या बैठकीत आपण मला शुक्रवारपर्यंत राजीनामा भरण्यास सांगितले. माझी नोकरी सोडण्याची इच्छा नाही. कंपनीला माझी सेवा समाप्त करायची असल्यास कारण, शेवटचा दिवस आणि देय रकमांचा तपशील लेखी कळवावा.’ यात आरोप नको, कायद्याची कलमे नकोत, रागही नको. हे पत्र असते तर माझ्या रिलिव्हिंग लेटरमधील वाक्याला उत्तर देणारा एक तारीखवार कागद माझ्याकडे राहिला असता. तुम्ही आधीच राजीनामा भरला असेल तर तो स्वीकारल्याचे उत्तर येण्यापूर्वी मागे घेत असल्याचे लेखी कळवा; स्वीकृतीपूर्वी मागे घेतलेल्या राजीनाम्याला न्यायालयांनी मान्यता दिलेली आहे, मात्र नियुक्तिपत्रातील अटी आधी वाचा.

पोर्टल बंद होण्यापूर्वी नियुक्तिपत्र, वेतनवाढीची पत्रे, पगारपत्रके, फॉर्म १६, मूल्यांकनाचे शेरे आणि शिल्लक रजेचे पान उतरवून घ्या. ग्राहकाची माहिती, कोड किंवा कंपनीची अंतर्गत कागदपत्रे खासगी ईमेलवर चुकूनही पाठवू नका, कारण तेवढ्यावरून गैरवर्तनाचा ठपका ठेवून सगळे देणे अडवले जाऊ शकते. वेतन संहितेनुसार काढलेल्या, कपात झालेल्या किंवा राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते, आणि ही तरतूद व्यवस्थापकांनाही लागू आहे. ‘एफ अँड एफला (अंतिम हिशेबाला) ४५ दिवस लागतात’ असे उत्तर आले तर हे त्यांना लेखी विचारा.

आईवडिलांच्या मेडिक्लेमकडे लोक शेवटी पाहतात, तुम्ही आधी पाहा. गट विमा सहसा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते आणि जुन्या आजारांच्या प्रतीक्षा कालावधीत आधीची वर्षे धरली जातात, परंतु अर्ज नोकरीत असतानाच करावा. साताऱ्याच्या बँक शाखेतही हप्ता चुकण्याआधी जाऊन मुदतवाढ मागा. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादित (एनपीए) वर्गात जाते आणि मग शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. हप्ता भरण्यासाठी पतसंस्थेतून चढ्या व्याजाने दुसरे कर्ज काढू नका. आणि ‘पैसे भरा, मागच्या दाराने जॉइनिंग करून देतो’ असे सांगणारे एजंट सध्या पुण्यात फिरत आहेत. सांगली-साताऱ्यातून नव्याने बाहेर पडलेली मुले त्यांच्या हाती जास्त लागतात, म्हणून तुमच्या ओळखीतल्यांनाही सांगून ठेवा.

घरच्यांना लवकर सांगा, असेही सुचवेन. आपल्या भागात पुण्याची नोकरी गेली म्हटले की माणसाचेच काहीतरी चुकले असणार, असे बोलले जाते, आणि त्या भीतीने कित्येक जण घाईघाईने राजीनामा भरून ‘मीच सोडली’ असे सांगतात. कंपनीला नेमके हेच सोयीचे पडते. सांगलीत परतल्यावर मी विचारणाऱ्या प्रत्येकाला कपात झाली असेच सांगितले, आणि माझी आजची नोकरी त्यांच्यापैकीच एका जुन्या सहाध्यायिनीच्या शिफारशीतून मिळाली.

राजीनामा देणे नेहमीच चूक असते, असे मी म्हणणार नाही. हातात दुसरी ऑफर असेल, किंवा हक्काचे आकडे वजा करूनही चार-पाच महिन्यांचा पगार लेखी मिळत असेल, तर भांडण्यापेक्षा तो घेऊन पुढे जाणे योग्य ठरू शकते. खटला चालवायला वेळ, पैसा आणि झोप लागते. तसा निर्णय घेतलात तर रक्कम, तारीख आणि रिलिव्हिंग लेटरचा मजकूर आधी ईमेलवर मागून घ्या आणि मगच बटण दाबा.

तुमच्या नियुक्तिपत्रातील नोटीस कालावधी, मूळ वेतन आणि तुमच्या हाताखाली कोणी काम करते का, एवढे येथे लिहिलेत तर मला समजेल तेवढा हिशेब करून देईन. ती माहिती आणि पत्राचा मसुदा घेऊन गुरुवारच्या आत कामगार कायद्याचे काम करणाऱ्या वकिलांना एकदा भेटा. पहिल्या सल्ल्याचे शुल्क एका हप्त्याच्या मानाने फारच थोडे असते.